सण कोणाचा, सोंग कोणाचे?

ऑक्टोबर सरत आला की ब्रिटन, आयर्लंड आणि अमेरिकेतल्या वृद्धनिवासांत लाल भोपळे येतात, भिंतींवर कागदी वटवाघळे चिकटतात आणि त्यांच्या पाठोपाठ दरवर्षीचा वादही येतो. ३१ ऑक्टोबरचे हॅलोवीन म्हाताऱ्या माणसांच्या निवासात साजरे करावे की नाही? ‘नको’ म्हणणाऱ्यांचे आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत, म्हणून ते एकेक करून तपासू. माझे मत आधीच सांगून ठेवतो : हॅलोवीन जरूर व्हावे, पण ते म्हाताऱ्यांनी करावे, त्यांच्यावर लादले जाऊ नये.

पहिला आक्षेप असा, की हा पोरखेळ आहे. नव्वदीच्या बाईच्या डोक्यावर चेटकिणीची टोपी चढवायची, गालावर कोळी रंगवायचा आणि फोटो काढून फेसबुकवर टाकायचा, याला करमणूक कसे म्हणावे? या आक्षेपाला अभ्यासाचे पाठबळ आहे. ब्रॅडफर्डचे मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ च्या ‘डिमेन्शिया रीकन्सिडर्ड’ या पुस्तकात स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे माणूसपण कशाकशाने खच्ची होते याची यादीच दिली आहे. प्रौढाला लहान मुलासारखे वागवणे हे त्या यादीत आहे. अमेरिकेत कर्मचाऱ्यांनी रहिवाशांचे अपमानास्पद फोटो समाजमाध्यमांवर टाकल्याची प्रकरणे इतकी गाजली, की २०१६ मध्ये केंद्रीय यंत्रणेला निवासांच्या तपासणीत या बाबीचा समावेश करावा लागला.

हे सारे मान्य. पण यातून दोष सिद्ध होतो तो न विचारता टोपी चढवणाऱ्या हाताचा. सणाचा दोष सिद्ध होत नाही. उलट हा सण लहानांचा आणि म्हातारे त्यात उपरे, हे गृहीतकच चुकीचे आहे. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या १७८६ साली छापल्या गेलेल्या ‘हॅलोवीन’ या कवितेत खेड्यातले लग्नाळू तरुण-तरुणी त्या रात्री आपल्या जोडीदाराचे भविष्य पाहताना दिसतात. स्कॉटलंडमधल्या आजच्या म्हाताऱ्यांनी लहानपणी भोपळा नव्हे, सलगम कोरून त्यात दिवा ठेवला आहे. सोंग घेऊन ते दारोदार गेले, पण फुकट काही मिळत नसे. गाणे म्हणावे, कविता म्हणावी, निदान एखादा विनोद तरी सांगावा, तेव्हा कुठे हातावर सफरचंद, शेंगा किंवा नाणे पडे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातले साखरेचे रेशनिंग १९४७ मध्ये उठले आणि दारोदार गोळ्या मागण्याची चाल त्यानंतर जोमाने फोफावली. आज पंच्याऐंशीच्या घरात असलेली माणसे तेव्हा सात-आठ वर्षांची होती. ‘हॅलोवीन’ हा सुरीवाल्या खुन्याचा चित्रपट आला १९७८ साली, म्हणजे त्यांच्या पोरांच्या काळात. रक्ताळलेले मुखवटे आणि प्लास्टिकचे सांगाडे हीच ज्यांना या सणाची ओळख वाटते, ती पिढी म्हाताऱ्यांची नव्हे, निवास चालवणाऱ्यांची आहे.

दुसरा आक्षेप मृत्यूचा. जिथे माणसे आयुष्याचे शेवटचे दिवस काढतात तिथे थडगी आणि कवट्या मांडणे क्रूर आहे, असे म्हणतात. पुठ्ठ्याची थडगी मीही मांडणार नाही. पण मृत्यूचे नावच काढायचे नाही, हा सल्ला कोणाच्या सोयीचा? शेजारच्या खोलीतली बाई गेली हे रहिवाशांना कळतेच. तिच्याबद्दल कोणी बोलत नाही हेही कळते. १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबरचा मृतांचा स्मृतिदिन यांना जोडूनच हॅलोवीन येते. गोव्यातली ख्रिस्ती कुटुंबेही २ तारखेला कबरींवर फुले ठेवून मेणबत्त्या लावतात. मग निवासात वर्षभरात गेलेल्यांची नावे घेऊन एकेक दिवा लावला, तर कोणाला धक्का बसेल? त्या दिव्यांकडे पाहणाऱ्याला एवढे तरी समजेल, की आपणही गेल्यावर इथे आपले नाव घेतले जाईल.

तिसरा आक्षेप भीतीचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. ल्युई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात माणसाला नसलेली माणसे आणि प्राणी दिसतात. अशा माणसासमोर मुखवटा घालून उभे राहणे हा छळच. स्मृतिभ्रंश झालेल्या काहींना जमिनीवरचे काळे कापड खड्ड्यासारखे भासते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जाते, त्यामुळे अंधार एकदम लवकर पडू लागतो; आणि संध्याकाळी ज्यांची अस्वस्थता वाढते त्यांना हेच दिवस जड जातात. गिळण्याचा त्रास असलेल्याला कडक गोळी किंवा टॉफी देणे जिवावर बेतू शकते.

पण या भीतीला उपाय आहेत, आणि ते महागडे नाहीत. मुखवटा कोणीच घालायचा नाही. चेहरा उघडा राहील असा पोशाख चालेल. किंचाळणारी खेळणी नकोत. मेणबत्तीऐवजी बॅटरीचे दिवे, वाटेत वायरी नाहीत, कार्यक्रम दुपारी आणि उजेडात. पाण्यातले सफरचंद दातांनी पकडण्याचा खेळ सोडावा. सफरचंदे शिजवून दालचिनी घातली तर वासानेच निम्म्या आठवणी जाग्या होतात. आयरिश बार्मब्रॅक या फळांच्या पावात भविष्य पाहण्यासाठी अंगठी लपवण्याची रीत आहे. ती अंगठी पावात न घालता बशीखाली ठेवली, की भविष्य तेच राहते आणि धोका टळतो.

चौथा आक्षेप व्यवहारी. कर्मचारी अपुरे, अंघोळीला उशीर, घंटी वाजवली तर कोणी येत नाही, आणि तुम्ही भोपळे कसले कोरता? अंघोळ टाळून भोपळा कोरला तर तो गुन्हाच. पण करमणूक ही सेवेच्या वरची साय आहे, ही समजूत कायद्यालाही मान्य नाही. अमेरिकेत १९८७ च्या सुधारणा कायद्यापासून रहिवाशाच्या आवडीनुसार उपक्रम ठेवणे हे निवासाचे कर्तव्य ठरले. तिथल्या ठरलेल्या मूल्यमापनात प्रत्येकाला विचारावे लागते : आवडीचे संगीत ऐकणे, बाहेर मोकळ्या हवेत जाणे, लोकांत मिसळणे, धार्मिक विधींत भाग घेणे तुमच्यासाठी किती महत्त्वाचे? प्रश्न छापलेले आहेत. उणीव आहे ती उत्तर वाचून त्याप्रमाणे वागण्याची.

आता मंडन. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये कनेक्टिकटमधल्या एका वृद्धनिवासात छोटा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितले, की तुमचे निर्णय तुमचे. हवे ते रोप निवडा आणि त्याची निगा तुम्हीच राखा. दुसऱ्या मजल्यावर रोपे नुसती वाटली आणि पाणी परिचारिका घालतील असे सांगितले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक तरतरीत आणि हालती-बोलती दिसली. प्रयोग लहान होता, त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण भोपळ्याच्या बाबतीत घ्यायचा तो धडा त्यात आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावाशी नाते असलेले अमेरिकन शल्यचिकित्सक डॉ. अतुल गावंडे ‘बीइंग मॉर्टल’ या २०१४ च्या पुस्तकात आपल्या आजोबांबद्दल लिहितात. शंभरी ओलांडल्यावरही ते घोड्यावर बसून शेतावर फेरी मारत. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाण्यासाठी हे उदाहरण वापरणे सोपे आहे; गावंडे स्वतः त्या मोहात पडत नाहीत. मला त्यात दिसते ते एवढेच, की त्या म्हाताऱ्या माणसाकडे शेवटपर्यंत काम होते आणि शब्दाला वजन होते.

वृद्धनिवासात हे वजन एका दिवसात आणता येत नाही, पण एका दुपारपुरते तरी ते द्यावे. अमेरिकेतल्या कित्येक निवासांत मुले सोंगे घेऊन येतात आणि रहिवासी ओळीने बसून त्यांना गोळ्या वाटतात. एरवी औषध, जेवण, मदत सतत घेणारा हात त्या दिवशी देणारा होतो. स्कॉटिश रीत पाळून आजीने पोराला आधी गाणे म्हणायला लावले, तर ती यजमानीण ठरते. संधिवाताने बोटे वळत नसतील त्याने भोपळ्यावर चेहरा काढावा आणि कापायचे काम दुसऱ्याकडून करवून घ्यावे. हुकूम सोडणे हासुद्धा सहभागच आहे.

आणि ज्याला नको, त्याला नको. यहोवाचे साक्षीदार हॅलोवीन पाळत नाहीत. इंग्लंडमधल्या अनेक म्हाताऱ्यांच्या आठवणीत ३१ ऑक्टोबरपेक्षा ५ नोव्हेंबरची शेकोटी मोठी आहे. एखाद्या गुजराती आजोबांना त्या दिवसांत दिवाळीचा फराळ हवा असेल. सगळ्यांना एकच नारिंगी टोपी घालणे ही सोय झाली. त्याला सण म्हणता येत नाही.

म्हणून निवासाला चार प्रश्न विचारावेत. भोपळा कोणी निवडला? सोंग कोणाच्या हौसेचे? गोळ्या कोणाच्या हातून गेल्या? आणि ‘मला नको’ म्हणणाऱ्याला त्या दुपारी काय मिळाले? उत्तरे रहिवाशांच्या नावांनिशी देता येत नसतील, तर निवासाने भोपळे परत पाठवावेत. देता येत असतील, तर विरोधकांनी आपले आक्षेप मागे घ्यावेत.