व्यसनी माणूस गुन्हेगार की रुग्ण?

एकाच झाडाची पानं वाटली की भांग होते आणि शेंड्याचा फुलोरा वाळवला की गांजा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने नुसती पानं व्याख्येतून वगळली, फुलोरा मात्र गुन्ह्यात धरला. या विसंगतीवर बोट ठेवून काही मंडळी म्हणतात, सगळंच खुलं करा. मला ते पटत नाही. बाजार खुला झाला की जाहिरात येणार आणि तिचं पहिलं गिऱ्हाईक कॉलेजातली पोरं असणार.

पण ओढणाऱ्या पोराला तुरुंगात डांबणंही मला पटत नाही. बँकेच्या नोकरीत एक गोष्ट पक्की शिकलो. अडचणीत सापडलेला कर्जदार आणि मुद्दाम बुडवणारा कर्जदार यांना एका मापाने मोजू नये. पहिल्याला हप्ते बांधून द्यावेत, दुसऱ्याला कोर्टात खेचावं. पोर्तुगालने २००१ साली हाच फरक केला. विक्री गुन्हाच राहिली. स्वतःपुरता, दहा दिवसांचा साठा बाळगणारा मात्र कोर्टाऐवजी समितीपुढे जाऊ लागला.

आपल्या कायद्यातही ६४ अ हे कलम आहे. अल्प प्रमाणात पदार्थ बाळगणारा व्यसनी स्वेच्छेने उपचाराला गेला, तर खटल्यापासून त्याला संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते जाऊही शकतं. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ व्यसनी माणसाला रुग्ण मानून काम करतंय. पण ही वाट किती आईबापांना ठाऊक आहे? पोलिसांच्या आणि शेजाऱ्यांच्या धाकाने घर गप्प बसतं. त्या गप्प बसण्याची किंमत शेवटी मुलगाच मोजतो.