जुनी हजेरीपत्रके जाळू नका : कै. वि. स. पागे यांच्या स्मरणार्थ जाहीर आवाहन

समस्त ग्रामस्थ, माता-भगिनी, एके काळी दुष्काळी किंवा रोजगार हमीच्या कामावर राबलेले मजूर, मुकादम, हजेरी कारकून, निवृत्त अभियंते, तलाठी आणि या सर्वांची मुले-नातवंडे यांस,

गावाच्या शिवेवरील पाझर तलाव, माळाच्या उतारावरून गेलेले बांध आणि आठवड्याच्या बाजाराला आपण ज्या वाटेने जातो तो खडीचा रस्ता, ही कामे कोणी केली, कोणत्या साली केली आणि कोणाच्या सांगण्यावरून केली, असे एखाद्या शाळकरी मुलाने विचारले, तर ‘सरकारने केली’ यापलीकडे उत्तर आज आपल्यापाशी उरलेले नाही. ज्यांनी टिकाव मारले आणि ज्यांनी घमेली वाहिली ती पिढी एकेक करून उठून चालली आहे. कचेरीतील दप्तर मुदत संपली की नियमाप्रमाणे नष्ट होते. आणि घरोघरच्या ट्रंकांतून पडलेले कागद दर दिवाळीच्या साफसफाईत चुलीत जातात. हे थांबावे, निदान आमच्या आणि आसपासच्या गावांत थांबावे, एवढ्यासाठी हे पत्रक आहे.

ज्या गृहस्थाच्या स्मरणार्थ हे काम आम्ही हाती घेतले त्यांचे नाव विठ्ठल सखाराम पागे. 21 जुलै 1910 रोजी वाळवे तालुक्यातील बागणी येथे त्यांचा जन्म झाला आणि 16 मार्च 1990 रोजी त्यांचे देहावसान झाले. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी कारावास सोसला, काँग्रेसच्या राजकारणात ते आयुष्यभर राहिले, संतवाङ्मयाचा आणि अध्यात्माचा त्यांनी मनोभावे अभ्यास केला, आणि महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्या 1960 सालापासून 1978 सालापर्यंत, अशी सलग 18 वर्षे, ते विधान परिषदेचे सभापती होते. यशवंतराव चव्हाणांपासून वसंतदादा पाटलांपर्यंत इतके मुख्यमंत्री आले आणि गेले. त्या खुर्चीवर मात्र पागे होते. आज त्यांचे नाव घेतले तर सांगली जिल्ह्याबाहेरची तरुण माणसे ‘कोण पागे?’ असे विचारतात, आणि त्यात त्या तरुणांचा दोष मी धरीत नाही, कारण त्यांना सांगण्याचे काम आमच्या पिढीचे होते.

सभापतीचे पद हे मानाचे खरे, परंतु सत्तेच्या दृष्टीने रिकामे. त्याच्या हाती खाते नसते, निधी नसतो, कलेक्टरला हुकूम सोडण्याचा अधिकार नसतो. सभागृहात त्याने स्वतः भाषण करावयाचे नसते, इतरांना बोलू द्यावयाचे असते. अशा पदावर बसलेल्या मनुष्याने, एका पाठोपाठ एक मुख्यमंत्र्यांना पत्रे आणि टिपणे धाडून, त्यांच्या भेटी घेऊन आणि कंटाळा न करता तोच मुद्दा पुनःपुन्हा मांडून, या राज्याकडून एक असा शब्द वदवून घेतला की जो तोपर्यंत देशातील कोणत्याही राज्याने दिला नव्हता. हमी घेणे, जामीन राहणे, ही भाषा आपल्याकडे देवघेवीतली. सावकारापुढे कुळासाठी कोणी जामीन राहावे, तसे राज्याने भूमिहीन मजुरासाठी त्याच्या पोटापुढे जामीन राहावे, ही पाग्यांची मागणी होती. संविधानाच्या 41व्या अनुच्छेदात कामाचा हक्क लिहिलेला होताच, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयात जाऊन मागता येणार नाही अशा जागी. तो तिथून काढून तहसील कचेरीच्या खिडकीपर्यंत आणावयाचा होता.

या हमीची पहिली चाचणी 1965 साली तासगाव तालुक्यातील विसापूर या गावी झाली. अमुक इतक्या लोकांना काम देऊ असे आधी न ठरवता, गावात जो कोणी अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते द्यावयाचे, आणि ते काम असे असावे की त्यातून जमिनीत पाणी मुरेल आणि उद्या त्याच जमिनीवर अधिक हातांना काम मिळेल, ही त्यातली मेख. दान देऊन मोकळे होण्याचा हा प्रकार नव्हता. पुढे 1969 साली हा प्रयोग 11 गावांत गेला आणि 1972 साली मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने तो राज्यव्यापी रोजगार हमी योजना म्हणून जाहीर केला.

आणि त्याच वर्षी पाऊस आला नाही.

येथे एक तपशील नोंदविणे मला आवश्यक वाटते, कारण गावोगाव तो आठवणीत मिसळून गेला आहे. 1972-73 च्या दुष्काळात जी कामे निघाली ती बहुतांशी जुन्या पद्धतीची दुष्काळी कामे होती. योजना त्या काळात बाजूला ठेवावी लागली आणि टंचाई ओसरल्यानंतर ती पुन्हा सुरू झाली. परंतु 1973 च्या ऐन उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे त्या कामांवर होती, आणि एवढ्या जनसमुदायाला काम पुरविता येते, त्यांची हजेरी मांडता येते, मजुरी वाटता येते, हा विश्वास शासनाला त्या उन्हाळ्याने दिला. म्हणून आमच्याकडे कागद येतील ते दुष्काळी कामाचे असोत वा हमीच्या कामाचे, दोन्ही आम्हांस हवे आहेत. फक्त कोणता कोणत्या सालचा एवढे सांगावे.

माझी आई त्या उन्हाळ्यात गावापासून तीन कोसांवरच्या पाझर तलावावर होती. मी सात वर्षांचा होतो आणि धाकट्या बहिणीला सांभाळण्यासाठी तिच्यासोबत जात असे. पहाटे निघावे, सूर्य डोक्यावर येण्यापूर्वी खोदाई उरकावी, दुपारी मुलांना सुकडी मिळे ती ओंजळीत घेऊन बाभळीच्या विरळ सावलीत बसावे; घरी लाल मिलो ज्वारीची भाकरी. खोदलेल्या खड्ड्याच्या मध्यभागी मातीचा एक खांब न खणता तसाच ठेवीत असत. मूळ जमीन किती उंचीवर होती हे मोजणीच्या वेळी त्या खांबावरून कळे आणि त्याच मापावर टोळीची मजुरी ठरे. एका पंधरवड्यात कोणाच्या तरी हलगर्जीपणाने आईच्या टोळीचा खांब मोजणीपूर्वीच ढासळला, माप अंदाजाने लिहिले गेले, आणि पंधरा दिवसांच्या खोदाईची मजुरी आठ दिवसांइतकीच हाती आली. आई भांडली नाही. पण त्यानंतर ती रोज संध्याकाळी त्या खांबाभोवती दगडांचे एक कडे रचून मगच घरी निघे. आणि आपल्या टोळीतील बारा बायांची नावे, कोण कोणत्या दिवशी आली ते, तिने माझ्याकडून माझ्या पाटीवर आणि पुढे एका वहीत लिहून घेण्यास आरंभ केला. माझे अक्षर त्या वहीने वळले. ती वही आज माझ्यापाशी आहे आणि या संग्रहातील पहिला कागद म्हणून मी ती दिली आहे.

कायदा त्यानंतर झाला. त्याआधी, योजनेच्या खर्चासाठी, 1975 साली व्यवसाय कर बसविण्यात आला आणि मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा कापली जाणारी ती लहानशी रक्कम, तितकीच भर राज्याने घालून, खेड्यातील बांधाकडे वळविण्यात आली. शहराने खेड्याचा भार असा नियमाने उचलल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही, आणि ज्यांच्या वेतनचिठ्ठीवर ती कपात वर्षानुवर्षे दिसत आली त्यांपैकी पुष्कळांना ती कशासाठी होती हे कधी कोणी सांगितले नाही, याची मला खंत वाटते. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम विधिमंडळाने 1977 साली संमत केला तेव्हा परिषदेच्या सभापतिपदी पागेच होते. तो 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आला तेव्हा ते त्या पदावरून निवृत्त झालेले होते. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने नाव नोंदवून काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यावयाचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा, असे त्यात कलम घातले गेले. वर्षात इतकेच दिवस, अशी मर्यादा त्यात नव्हती. केंद्राने 2005 साली देशभरासाठी असाच कायदा केला तेव्हा एका कुटुंबास वर्षाला 100 दिवस असे बंधन आले, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

या योजनेत खोटी मस्टरे निघाली, मजुरी महिनोन्महिने थकली, कित्येक रस्ते अर्ध्यावर राहिले, हे आम्ही पाहिले आहे आणि त्यावर पांघरूण घालण्याचा आमचा हेतू नाही. तसे कागद कोणापाशी असतील तर तेही अवश्य द्यावेत. परंतु त्याच योजनेमुळे हजारो स्त्रियांनी आयुष्यात प्रथमच आपल्या नावाने हजेरी लागलेली ऐकली, काम मागणीचा, नमुना चारचा, अर्ज हातात घेऊन मामलेदारासमोर उभे राहण्याचे धाडस केले आणि पावती घेतल्याशिवाय त्या दारातून हलल्या नाहीत. 1990 साली हीच योजना फळबाग लागवडीला जोडली गेली आणि कोरडवाहू माळांवर डाळिंब, बोर, आंबा उभा राहिला. ते वर्ष पाग्यांच्या निधनाचे. त्या बागा पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्यांचा पुतळा उभारावा अशी सूचना आमच्यातील काही वडीलधाऱ्यांनी केली होती. त्यांच्या भावनेचा मान राखूनही मी तिला विरोध केला, आणि सर्वांनी तो मानला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ज्याने सगळे आयुष्य टिपणे, पत्रे आणि कायद्याचा मजकूर यांत वेचले त्याच्या स्मृतीला कागद शोभतात, आणि त्या कागदांच्या दुसऱ्या टोकाला ज्यांचे अंगठे उमटले त्यांची नावेही त्याच कपाटात असावीत.

सबब आमची विनंती अशी. आपल्या घरी हजेरीपत्रक, मजुरीची पावती, काम मागणीचा अर्ज, मजुराचे ओळखपत्र, मोजमाप पुस्तिकेची नक्कल, कामाच्या जागेचे एखादे छायाचित्र, मोर्चाचे पत्रक, फार काय पण झिजलेला टिकाव किंवा फुटके घमेले असेल, तर ते गावच्या वाचनालयात आणून दाखवावे. मूळ वस्तू देण्याचे मनात नसेल तर आम्ही तिची छायाप्रत काढून घेऊन त्याच दिवशी परत करू. ज्यांच्यापाशी कागद नाहीत पण आठवण आहे, त्यांनी तर अवश्यमेव यावे. चालवत नसेल तर निरोप धाडावा, आमची शाळेची मुले वही आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन दारी येतील. तलाव कोणत्या साली खणला, मुकादम कोण होता, रोज किती पडे, कोणाचे मूल कामावरच जन्मले, कोणाला तिथे सर्पदंश झाला, कोणती ओवी म्हणत घमेली चालत, हे सर्व सांगावे. मुकादमांनी आणि कारकुनांनी संकोच धरू नये. निवृत्त अभियंत्यांना स्वतंत्र विनंती की, आपण आखलेल्या कामांची ठिकाणे आमच्या मुलांना प्रत्यक्ष नेऊन दाखवावीत. त्या जागी आम्ही कामाचे साल आणि मिळतील तितक्या मजुरांची नावे कोरलेला साधा दगड बसविणार आहोत. आसपासच्या गावांनी आमची वाट न पाहता आपापल्या वाचनालयात किंवा शाळेत हेच काम सुरू करावे.

जमलेला संग्रह येत्या 21 जुलै रोजी, पाग्यांच्या जयंतीदिवशी, सकाळी शाळेच्या ओसरीवर मांडला जाईल. त्या दिवशी नावांची यादी मोठ्याने वाचली जाणार आहे. आपल्या आईचे, आजीचे नाव त्यात राहून गेले असेल तर तिथल्या तिथे उठून सांगावे, म्हणजे लागलीच लिहून घेता येईल. कागद आणताना दुमडू नये, चिकटपट्टी लावू नये, जुन्या सुती कापडात गुंडाळून आणावा.