‘आम्ही समुद्र पाहिला’

जोडप्याने केलेल्या प्रवासाच्या वर्णनात एक वाक्य हटकून येते: ‘आम्ही समुद्र पाहिला.’ समुद्राच्या जागी कधी दरी असते, कधी हिमशिखर असते; पण ‘आम्ही’ कायम असतो. वाक्य इतके निरुपद्रवी वाटते की समीक्षकाने त्यापाशी थांबावे असे त्यात काही दिसत नाही. आमचे म्हणणे असे आहे की प्रवासवर्णन नावाच्या वाङ्मयप्रकाराची खरी परीक्षा याच वाक्यापाशी होते, आणि बहुतेक लेखन तिथेच अनुत्तीर्ण होते.

नवरा-बायकोने परदेशी जावे, कॅम्पर व्हॅन भाड्याने घ्यावी, त्याच गाडीत रांधावे, त्याच गाडीत निजावे, आणि एखादा निसर्गरम्य किनारा आठ-दहा दिवसांत पार करावा, या धर्तीचे लेखन अलीकडे पुष्कळ वाचावयास मिळते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील ‘ग्रेट ओशन रोड’ हा त्यांतला लाडका रस्ता. आपले विवेचन हवेत राहू नये म्हणून आम्ही याच रस्त्याचे उदाहरण घेतो.

टॉर्के या गावापासून ॲलन्सफर्डपर्यंत सुमारे २४३ किलोमीटर लांबीचा हा रस्ता आहे. प्रवासी बहुधा मेलबर्नहून निघतात, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात. किनारा दक्षिणेला असल्यामुळे समुद्र त्यांच्या डाव्या हाताला येतो. ऑस्ट्रेलियात वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि चालक उजव्या आसनावर बसतो. याचा अर्थ सरळ आहे. समुद्राकडची खिडकी न चालवणाऱ्याच्या वाट्याला येते. चालवणाऱ्याच्या वाट्याला डांबर, पुढचे वळण, मागून येणारी मोटार आणि आपल्या रुंद गाडीची डावी कड येते. लॉर्न ते अपोलो बे या टप्प्यात तर रस्ता कड्याला चिकटून इतकी वळणे घेतो की चालकाने पाण्याकडे पाहत राहणे हा जिवाशी खेळ ठरावा. परतीच्या वाटेने समुद्र त्याच्या बाजूला येईल हे खरे. पण वळणे तीच आणि लक्षही तिथेच. चालक समुद्र पाहतो तो गाडी थांबवल्यावर, नेमून दिलेल्या कठड्यापाशी.

तेव्हा ‘आम्ही समुद्र पाहिला’ हे वाक्य या रस्त्यावर अक्षरशः खोटे आहे. एकाने समुद्र पाहिला, दुसऱ्याने रस्ता. एकाला दिवसभराचा सलग किनारा मिळाला. दुसऱ्याला चार-पाच सुटी चित्रे आणि खांद्यांतली रग. हे दोन भिन्न प्रवास आहेत. ते एकाच गाडीत, एकाच वेळी घडले एवढेच. लिहिणाऱ्याने मात्र दोहोंचा एक ‘आम्ही’ केला, आणि जे सांगण्याजोगे होते तेच गमावले.

या गमावण्यास मराठीचे व्याकरणही हातभार लावते. ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांत बोलणारा कोण हे कळल्यावाचून राहत नाही. अनेकवचन होताच हा भेद पुसला जातो. पुरुष म्हणोत, स्त्रिया म्हणोत, दोघे मिळून म्हणोत, ‘आम्ही गेलो’ एकच. कर्मणी प्रयोगात तर क्रियापद कर्त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ‘आम्ही समुद्र पाहिला’ मध्ये ‘पाहिला’ हे रूप समुद्राशी जुळते, पाहणाऱ्यांशी नाही. कोणाचे डोळे, किती डोळे, याची नोंद ठेवण्याची सक्ती भाषा करीत नाही. जे भाषा सक्तीने करवीत नाही ते लेखकाने जाणीवपूर्वक करावयाचे असते. शैली म्हणून आपण जे शिकवतो त्यातला मोठा भाग हाच नव्हे काय?

याच मराठीने आपल्याला दुसरी एक सोय दिलेली आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद इंग्रजीच्या एकट्या सर्वनामात मावत नाही. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हणताना तो आत येतो. जोडप्याच्या प्रवासवर्णनातला ‘आम्ही’ वाचकाला बाहेर ठेवतो यात गैर काही नाही. प्रवास त्यांचा आहे. परंतु तोच ‘आम्ही’ पुष्कळदा शेजारच्या आसनावरील माणसालाही बाहेर ठेवतो, आणि बाहेर ठेवले आहे हे दिसूही देत नाही. रचना अनेकवचनी आणि दृष्टी एकवचनी, असा हा प्रकार आहे.

कॅम्पर व्हॅनमध्ये ही गोष्ट अधिकच बोचते, कारण ती गाडी म्हणजे चाकांवरचे घर आहे आणि घराबरोबर घरकाम येते. मेज मोडून त्याचा बिछाना करावयाचा, सकाळी बिछान्याचे मेज करावयाचे. दोन शेगड्यांवर भात आणि भाजी एका वेळी बसवावयाची. पाण्याची टाकी भरावयाची, सांडपाण्याची रिकामी करावयाची. वाटेल तिथे रस्त्याकडेला रात्र काढता येत नाही, म्हणून मुक्कामाचे तळ आधी धुंडाळून ठेवावयाचे. यांतले काय कोणी केले? वाचलेल्या लेखांत आम्हांला याचे उत्तर क्वचित सापडते. ‘चहा झाला आणि आम्ही निघालो’ असे वाक्य येते. चहा आपोआप होतो. घरी आपोआप होणारा चहा सातासमुद्रापलीकडेही आपोआपच होतो, हे त्या प्रवासाविषयीचे एक मोठे सत्य आहे; लेखक ते सांगून जातो, पण त्याच्या नकळत.

त्याच किनाऱ्यावर या सक्तीच्या ‘आम्ही’ची एक जुनी गोष्ट आहे. १ जून १८७८ रोजी ‘लॉक आर्ड’ हे इंग्लंडहून मेलबर्नकडे निघालेले जहाज येथील खडकांवर फुटले. जहाजावर ५४ माणसे होती. दोघे वाचले: टॉम पीअर्स हा उमेदवार खलाशी आणि ईव्हा कारमायकेल ही प्रवासी तरुणी. टॉमने ईव्हाला पाण्यातून ओढून काढले, कड्यांमधल्या चिंचोळ्या खाडीतील गुहेत नेले, आणि स्वतः कडा चढून मदत मिळवली. ईव्हाचे आई-वडील आणि भावंडे त्या जहाजावर बुडाली होती. लोकांना मात्र ही दोन तरुण नावे दिसताच पुढचे कथानक सुचले. या दोघांचे लग्न व्हावे असे साऱ्या वसाहतीच्या मनाने घेतले. ते झाले नाही. ईव्हा काही महिन्यांत आयर्लंडला परत गेली. टॉम समुद्रावरच राहिला आणि पुढे कप्तान झाला.

गोष्ट इथे संपावयास हवी होती. परंतु २००९ साली त्याच खाडीजवळची एक खडकाची कमान कोसळली आणि दोन सुटे सुळके उरले. त्यांना नावे देण्यात आली टॉम आणि ईव्हा. ज्यांनी आपापल्या वाटा वेगळ्या केल्या, त्यांना सव्वाशेहून अधिक वर्षांनी दगडात शेजारी-शेजारी उभे करण्यात आले. पर्यटक आता तिथे उभे राहून एका जोडप्याचे छायाचित्र काढतात. तिच्या दुःखाला या चित्रात जागा नाही, आणि त्याच्या पुढच्या आयुष्यालाही नाही. ‘दोघे’ या शब्दाची भूक किती मोठी असते, हे यावरून दिसावे.

निसर्गरम्य ठिकाणांची भाषाच अशी आधी ठरलेली असते. ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’ हे या किनाऱ्याचे सर्वांत प्रसिद्ध स्थळ. नाव बारा प्रेषितांचे, पण सुळके बारा कधीच नव्हते, आणि जे होते त्यांतलाही एक जुलै २००५ मध्ये कोसळला. तरी ‘आम्ही बारा प्रेषितांचे दर्शन घेतले’ असे लिहिले जाते, मोजण्याचे कष्ट न घेता. खुद्द हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात मुख्यतः हातांनी खोदून काढला आणि तो त्यांच्या मृत सहकाऱ्यांचे स्मारक आहे. ईस्टर्न व्ह्यू येथील कमानीखालून गाडी नेताना छायाचित्र काढले जाते, स्मारक कोणाचे हे मात्र पुष्कळ लेखांत येत नाही. ज्या नजरेला शेजारचा माणूस दिसत नाही तिला रस्ता बांधणारे दिसावेत अशी अपेक्षा कशी करावी?

यावर एक आक्षेप आम्हांला ऐकू येतो, आणि तो हलका नाही. सहजीवनाला ‘आम्ही’ म्हणण्याचा हक्क नाही काय? वीस-पंचवीस वर्षे संसार केलेली दोन माणसे दूरदेशी एका खिडकीतून पाहत असतील, तर समीक्षकाने त्यांच्यामध्ये बसून हिशेब का मांडावा? आमचे उत्तर असे की ‘आम्ही’ मोडावा असे आम्ही म्हणत नाही. तो कमवावा असे म्हणतो. चालवणाऱ्याने रात्री विचारले, ‘तू आज काय पाहिलेस?’ आणि शेजारच्याने सांगितले, आणि ते सांगणे लेखात उतरले, तर त्यापुढचा ‘आम्ही’ खरा असेल. त्यात दोन माणसांचा ऐवज असेल. न विचारता वापरलेला ‘आम्ही’ हा फक्त लिहिणाऱ्याचा मोठ्या आवाजातला ‘मी’ असतो.

मराठी वाचकाला हे नवे नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने १९६० मध्ये प्रवासवर्णनाला एक वेगळेच हसतमुख वळण दिले, आणि त्या प्रवासात सुनीताबाई सोबत होत्या. तीस वर्षांनी, १९९० मध्ये, सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ आले. ते प्रवासवर्णन नव्हे. पण एका प्रसिद्ध सहजीवनाकडे दुसऱ्या आसनावरून पाहिले असता काय दिसते, हे मराठीला त्या पुस्तकाने दाखवले. त्यानंतर ‘अपूर्वाई’ वाचण्यातला आनंद कमी झाला असे आम्हांला वाटत नाही. वाचणारा मात्र बदलला. आता त्या पुस्तकात पत्नीचा उल्लेख आला की तो क्षणभर थबकतो. तोवर ऐकू न आलेला एक आवाज तिथे आहे, हे त्याला ठाऊक असते. हे थबकणे म्हणजेच साक्षेपी वाचन.

दोन आवाजांनी एक प्रवास लिहिता येतो याचे एक विलक्षण उदाहरण जागतिक साहित्यात आहे. अर्जेंटिनाचे कथाकार हुलिओ कोर्तासार आणि त्यांची पत्नी, लेखिका व छायाचित्रकार कॅरोल डनलॉप, १९८२ च्या मे-जून महिन्यांत फोक्सवॅगनच्या एका लाल कॅम्पर गाडीतून पॅरिसहून मार्सेच्या किनाऱ्याकडे निघाले. गाडीचे नाव फाफ्नर, वॅग्नरच्या संगीतनाट्यातील ड्रॅगनवरून ठेवलेले. एका दिवसात सहज पुरा होणारा तो महामार्ग त्यांनी सुमारे महिनाभर चालवला. नियम असे: महामार्ग सोडावयाचा नाही, रोज दोनच विसाव्याच्या जागी थांबावयाचे, आणि दुसऱ्या जागी रात्र काढावयाची. त्या रस्त्यावर निसर्गरम्य असे फारसे काही नव्हते. मालमोटारींचे तळ, प्रसाधनगृहे, थोडी झाडे. नोंदवहीत त्यांनी काय खाल्ले, किती वाजता निघाले, गाडीचे तोंड कोणत्या दिशेला होते, हे सारे टिपले आहे. पाहण्याजोगे काही नसल्यामुळे त्यांना एकमेकांकडे पाहावे लागले. तो लांडगा आणि ती अस्वलीण, अशी त्यांची आपसातली नावे पुस्तकात येतात. दोघांनी लिहिले, दोघांनी छायाचित्रे काढली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डनलॉप वारल्या. पुस्तक कोर्तासार यांनी एकट्याने पुरे केले; १९८३ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि त्यावर नावे दोघांची आहेत. १९८४ च्या फेब्रुवारीत तेही गेले.

त्या मुखपृष्ठावरची दोन नावे हा आमच्या मते कमावलेला ‘आम्ही’ आहे. तिचे शब्द तिथे आहेत म्हणून तिचे नसणेही तिथे जाणवते. ज्या प्रवासवर्णनात दुसऱ्या आसनावरचा आवाज कधी उमटलाच नाही, त्यातून ते माणूस उद्या नाहीसे झाले तर मजकुरात काय फरक पडेल? एकही वाक्य बदलावे लागणार नाही. ही कसोटी कठोर वाटेल, पण आम्हांला ती योग्य वाटते.

आमच्या वर्गांत प्रवासवर्णन शिकवताना आम्ही अलीकडे एक साधा पाठ देतो. जोडप्याच्या प्रवासाचे एखादे पान घ्यावयाचे, त्यातले प्रत्येक ‘आम्ही’ अधोरेखित करावयाचे, आणि प्रत्येकापाशी विचारावयाचे की येथे नेमके कोण: पाहणारे, चालवणारे, रांधणारे, की थकून गप्प बसलेले? काही ठिकाणी उत्तर मिळते. पुष्कळ ठिकाणी समासात प्रश्नचिन्ह उरते. एका विद्यार्थिनीने अशी सलग अकरा प्रश्नचिन्हे काढली आणि खाली लिहिले, ‘बाईंना समुद्र दिसला का, ते कळत नाही.’ त्या पानाची याहून नेमकी समीक्षा आम्हांला करता आली नसती.