लाटेला इंधन कळत नाही

सप्टेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ खंडपीठाने भोपाळचा मोठा तलाव, नर्मदा आणि मध्य प्रदेशातल्या इतर पाणथळ जागांवर क्रूझ व डिझेलच्या मोटरबोटींना मनाई केली. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तेव्हापासून बोटींच्या वेगमर्यादेचा विषय काढला की दोन उत्तरे मिळतात. मनाईचे समर्थक म्हणतात, बोटीच बंद झाल्या, आता मर्यादा कुणाला घालायची? पर्यटनवाले म्हणतात, विजेच्या बोटी आणू. धूर नाही, तेलाचा तवंग नाही, मग बंधन कशाला? दोन्ही उत्तरे चुकीची आहेत.

डिझेलवरची मनाई रास्तच आहे. आम्ही इंदूरकर जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर दूर आणलेली नर्मदाच पितो. तिच्यात तेल नको, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पण काठ झिजवते ती लाट. ती बोटीचे वजन, तळाचा आकार, पाण्याची खोली आणि वेग यांवर ठरते. इंजिन विजेवर चालते की डिझेलवर, याच्याशी तिला काही देणेघेणे नाही.

उथळ पाण्यात तर वेगाचा परिणाम भयंकर वाढतो. पाणी दोन मीटर खोल असेल तर बोटीचा वेग ताशी सोळा किलोमीटरच्या आसपास पोचताना लाट झपाट्याने उंच होते. एकाच मीटरवर ती वेळ अकराच्या आसपासच येते. लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ताकद चौपट. महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटाच्या खालच्या पायरीवर अंघोळीला बसलेल्या म्हाताऱ्या बाईला आणि दगडांच्या सांध्यांना ती ताकद सोसावी लागते. सिरपूर आणि यशवंत सागर ही इंदूरची दोन्ही रामसर स्थळे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा. तिथे काठच्या गवतात पाणपक्ष्यांची घरटी असतात. त्यांना पायरीचाही आधार नाही.

यावर जाणकारांकडून एक आक्षेप येतो आणि तो खोडून काढायलाच हवा. खूप वेगात स्पीडबोट पाण्यावर उचलली जाते व तिची लाट उलट लहान होते, असे ते सांगतात. खरे आहे. पण त्या वेगाला पोचताना आणि त्यातून उतरताना तिला सर्वांत मोठ्या लाटेचा टप्पा ओलांडावाच लागतो. बोट सुटते आणि थांबते कुठे? घाटालाच. म्हणजे सर्वांत वाईट लाट नेमकी माणसांजवळ उठते.

केवटांच्या पोटावर पाय येईल, हेही म्हटले जाते. मला उलट वाटते. वल्ह्याची नाव लाटेत हेलकावते, तिचे गिऱ्हाईक घाबरते आणि वेगाच्या स्पर्धेत ती आधी हरते. मर्यादा सर्वांना सारखी झाली तर तीच टिकेल. संथ बोटीचा धंदा चालत नाही, हाही भ्रम आहे. केरळात वैक्कमला 2017 पासून चालणारी 'आदित्य' ही सौर फेरीबोट 75 प्रवासी घेऊन ताशी दहा-अकरा किलोमीटरनेच जाते, आणि डिझेलचा खर्च वाचवते. टेम्स नदीवर टेडिंग्टनच्या वर ताशी आठ किलोमीटरची मर्यादा आहे. तिथला नौकाविहार त्याने बुडालेला नाही.

हीच ताशी आठ किलोमीटरची मर्यादा आपल्या घाटांजवळही घाला. मग वेग मोजणार कोण? घाटाजवळ शंभर मीटर अंतराने दोन खांब रोवा. ताशी आठ किलोमीटरने ते अंतर कापायला पंचेचाळीस सेकंद लागतात. प्रवाह जोराचा असेल तेव्हा हिशेब थोडा बदलेल, पण घाटावरचा होमगार्ड साध्या घड्याळावर एवढे पाहू शकतो. दंड मात्र बोट चालवणाऱ्या रोजंदारीच्या पोरावर लावू नये. तो परवानाधारक मालकाकडून घ्यावा आणि तिसऱ्या खेपेला परवानाच काढून घ्यावा. पहिले खांब महेश्वर आणि ओंकारेश्वरला, येत्या पावसाळ्यानंतर पाणी उतरताच.