कोलनुपाकचे दगड आणि आपले

हैदराबादला जाणारा गोंयकार चारमिनार बघतो, गोवळकोंडा चढतो, बिर्याणी खातो आणि परततो. मंडळी, एक दिवस जास्त काढा आणि कोलनुपाकला जा. हैदराबादहून साधारण ८० किलोमीटर. वरंगलच्या वाटेवर आलेर स्टेशन लागते, तिथून जवळच.

आज हे साधे खेडे. पण जुन्या लेखांतले कोल्लिपाके ते हेच, कल्याणीच्या चालुक्यांचे मोठे ठाणे. राजेंद्र चोळाने जिंकलेल्या ठिकाणांत त्याचे नाव अभिमानाने कोरून ठेवले आहे. जैनांचे हे कुल्पाकजी, माणिक्यदेव ऋषभनाथांचे तीर्थ. इथल्याच सोमेश्वराच्या लिंगातून रेणुकाचार्य प्रकटले अशी वीरशैवांची श्रद्धा.

जैन मंदिर दोन हजार वर्षांचे, असे तिथे सांगतात. श्रद्धेला माझी हरकत नाही. पण गावातले बरेचसे लेख चालुक्यांच्या काळातले, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकातले आहेत. (तेलुगू मुलखात कानडी लेख, हेही गमतीचेच.) नऊशे वर्षे काय थोडी झाली? वय फुगवण्याच्या नादात खरी नवलाची गोष्ट मागे पडते: एकाच गावात जैन बस्ती आणि शिवालय शेजारी नांदली. पुढे कोणी कोणाचे बळकावले, यावर लोक आजही हमरीतुमरीवर येतात. मला त्यापेक्षा सोमेश्वराच्या आवारातले संग्रहालय मोलाचे वाटले. महावीर आणि नंदी तिथे एकाच छपराखाली आहेत.

हे गोव्यात बसून का सांगतो? तर आपला कदंब राजा दुसरा जयकेशी हा चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याचा जावई. म्हणजे कोल्लिपाके आणि गोवे एकाच छत्राखाली होते. आपल्याकडेही बांदिवड्याला नेमिनाथ बस्तीचे अवशेष आहेत, कुडण्याला गुजीर आहे. किती गोंयकारांनी ती पाहिली? जांभ्याच्या त्या पडक्या भिंतींकडे जाणारी वाट विचारली तर गावातलाच माणूस कधी कधी बुचकळ्यात पडतो.

आणि देवळांच्या जीर्णोद्धाराचे तर बोलायलाच नको. नवी फरशी येते, रंग येतो, आणि जुना वीरगळ, भंगलेली मूर्ती जाते मागच्या परसात नाहीतर तळीत. भग्न मूर्ती पूजेत नको, हे शास्त्र मला मान्य आहे. पण पूजेत नको म्हणजे गावातच नको असे थोडेच आहे? प्रत्येक देवस्थान समितीने अग्रशाळेचा एक कोपरा या दगडांसाठी राखावा. मोठा खर्च नाही. दगड कुठे मिळाला आणि कधी मिळाला, एवढे दोन ओळींत लिहून ठेवले तरी पुरे.