हजच्या ड्युटीवर निघालेल्या लेकीसाठी

हजच्या मोसमात भारतीय हाजींच्या उपचारांसाठी सरकारी दवाखान्यांतील डॉक्टर आणि नर्सेस तात्पुरत्या नेमणुकीवर मक्का-मदिनेला जातात. घरातल्या मुलीची निवड झाली की मुबारकबादी सुरू होते. आमचीही मुबारकबाद, पण निघण्याआधी काही कामे उरका.

नेमणुकीचा आदेश नीट वाचा. मुदत, पगार, मुक्काम आणि ड्युटीत स्वतःला हज करता येईल का, हे आधीच विचारून घ्या. मेंदूज्वराची लस पोहोचण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. तिचा दाखला पासपोर्टसोबत ठेवा. स्वतःची औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. 2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 50 अंशांच्या वर गेला होता. उष्माघाताचे रुग्ण सांभाळताना स्वतः पाणी पिणे विसरू नका. पायात सवयीचेच बूट असू द्या. कोकण-मराठवाड्यातल्या वृद्ध हाजींशी त्यांच्या बोलीत बोला. घाबरलेला माणूस त्यानेच निम्मा सावरतो.

आता घरच्यांना दोन शब्द. ती कामावर चालली आहे. खजूर, अबाया, सोन्याची यादी तिच्या हाती देऊ नका. मागे मुलांना कोण सांभाळणार, हे ती निघण्याआधी ठरवा. आणि परतल्यावर ‘हज घडला का?’ असे विचारून तिला खजील करू नका. आजाऱ्याची खिदमत हीसुद्धा इबादतच आहे.