सरासरीचा पाऊस कुणाच्या शेतात पडतो?

'बेळगाव जिल्ह्यात पाऊस सरासरीइतका.' हे वाक्य वाचले की विचारावेसे वाटते, ही सरासरी राहते कुठल्या गावात? खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. तिथे पावसाळ्यात आभाळ फाटलेलेच असते. त्याच जिल्ह्यातले अथणी, रामदुर्ग, सौंदत्ती कोरडवाहू. दोघांची बेरीज करून काढलेला आकडा ना भाताच्या कामाचा, ना शाळूच्या!

वर्षाच्या बेरजेचा नकाशाही तितकाच फसवा. शाळू पेरायचा तो उत्तरा-हस्ताच्या ओलीवर, सप्टेंबर-ऑक्टोबरात. ती ओल चुकली, तर जूनचा जादा पाऊस कागदावर तूट भरून काढील, कणसात दाणा कसा भरणार? त्यात हवामान खात्याच्या हिशेबी १९ टक्क्यांपर्यंतची तूटही 'सामान्य'च.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. अथणीचा कृष्णाकाठ बुडाला तो अथणीच्या पावसाने नव्हे, सह्याद्रीवरच्या पावसाने. नदी सीमा ओलांडून येते. राज्याचा नकाशा मात्र सीमेवर थांबतो. अथणीला लागूनच जत. दोन्हीकडे डोळे त्याच आभाळाकडे, पण दुष्काळ ठरतो दोन राज्यांच्या दोन दप्तरांत.

होबळीवार पाऊस आज मोजला जातो. मग त्याचा हंगामवार नकाशा, सीमेपलीकडचा तालुका जोडून, मराठी-कन्नड दोन्ही भाषांत दर चावडीवर का लागू नये? दुष्काळाच्या यादीतून तालुका वगळला, तर कुठल्या आकड्यावर वगळला, हे शेतकऱ्याला स्वतः वाचता आले पाहिजे. ही भीक नव्हे, हक्काची मागणी आहे.